छत्तीस आणि शून्य

लॉटनमध्ये खिडक्या थरथरल्या की नवखा माणूस दचकून आभाळाकडे बघतो. गावचा माणूस टेबलाच्या कडेला ठेवलेला कॉफीचा कप धरतो. गावाला लागून असलेल्या सैन्याच्या छावणीच्या मैदानावर तोफांचा सराव चाललेला असतो, एवढंच. टॅकेटांच्या घरात मात्र अशा वेळी आणखी एक गोष्ट व्हायची. डेलिया, घरातली धाकटी, हातातलं काम न थांबवता विचारायची, "कोणती?" आणि चोवीस वर्षं तोफखान्यात घासलेला तिचा बाप रॉईस तितक्याच सहजपणे सांगायचा, "एकशे पंचावन्न मिलिमीटरची तोफ. ओढून न्यायची, चाकांवरची." ती चार वर्षांची असल्यापासून हा खेळ चालला होता आणि आता ती अठराची झाली होती. रॉईस एकदाही चुकला नव्हता, निदान त्याला चूक ठरवणारं घरात कोणी नव्हतं.

मार्चमधल्या एका सोमवारी हा न चुकणारा माणूस कॉम्प्युटरसमोर बसून एका चौकोनात आकडा टाकायचा प्रयत्न करत होता. आकडा पडत नव्हता. त्याने चष्मा पुसला. कीबोर्ड उलटा करून दोन चापट्या मारल्या. चौकोन फिकट राखाडी होता आणि त्यात एक शून्य बसलं होतं. वरच्या ओळीत त्याच्या मुलाचं, गॅरेटचं नाव होतं आणि त्याच्यापुढे बत्तीस महिने शिल्लक दिसत होते. ते बत्तीस तिथून उचलायचे आणि डेलियापुढे टाकायचे, पाच मिनिटांचं काम, असं तो सकाळी बायकोला सांगून बसला होता. पाऊण तास झाला होता. मग त्याने पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं.

नियम साधा आहे आणि छावणीतल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. सैन्यात पुरेशी वर्षं काढली की सरकार छत्तीस महिन्यांचं कॉलेज फुकट देतं. फी, पुस्तकं, वर राहण्याचा भत्ता. स्वतःला शिकायचं नसेल तर हे महिने बायको-मुलांच्या नावावर करून देता येतात. त्यासाठी नोकरी आणखी चार वर्षं करावी लागते, तीही लोक हसत करतात. फक्त वाटणी व्हायला हवी ती अंगावर वर्दी असताना. ज्याच्या नावावर वर्दीत असताना एक जरी महिना टाकला, त्याचे महिने पुढे कधीही वाढवा, कमी करा, याचे त्याला द्या. पण ज्याच्यापुढे शून्य ठेवून माणूस घरी गेला, त्याचं शून्य कायमचं.

आता असं शून्य कोण ठेवेल? म्हणून तर कोणीही शहाणा सार्जंट नावामागे एकेक महिना टाकून ठेवतो. बायको, पोरं, पाळण्यातलं पोर, सगळ्यांना एकेक. रॉईस शहाणा नव्हता असं नाही. तो अचूक होता, आणि हा रोग निराळा.

त्या दिवशीचं सगळं त्याला लख्ख आठवलं. गॅरेट तेरा वर्षांचा होता, गणितात वर्गात पहिला आला होता. डेलिया चार वर्षांची. छावणीच्या शिक्षण कार्यालयात ओपलबाई नावाच्या बाई बसायच्या, गळ्यात साखळीला लटकवलेला चष्मा. त्यांनी फॉर्म बघितला आणि म्हणाल्या, "सार्जंट, पोराला छत्तीसच्या छत्तीस? बायकोला एक टाका, मुलीला एक टाका. नंतर फिरवता येतं."

"बाई, कॉलेजचं एक वर्ष म्हणजे नऊ महिने. चार वर्षांचे छत्तीस. बरोब्बर. दोन काढले तर शेवटचे दोन महिने पोराने काय करायचं, परीक्षेच्या तोंडावर घरी यायचं?"

"अहो, तेव्हा परत फिरवा ना."

"तोफखान्यात आम्ही गोळा टाकून मग नेम धरत नाही," रॉईस म्हणाला होता, आणि मागे रांगेत उभे असलेले दोघे जण हसले होते. ते हसले म्हणून त्याला स्वतःचं बोलणं फारच आवडलं. "मुलगी चार वर्षांची आहे. तिचं बघू. मी काही उद्या निवृत्त होत नाही."

हे मात्र खरं होतं. तो आणखी चार वर्षं नोकरीत होता. त्या चार वर्षांतल्या कुठल्याही दिवशी जेवणाच्या सुट्टीत जाऊन तो एक आकडा बदलू शकला असता. निवृत्तीच्या आठवड्यात तर हातात यादीच होती; वीस-बावीस खिडक्यांवर जाऊन शिक्का घ्यायचा, हेल्मेट परत, दात तपासले, लायब्ररीचं पुस्तक बाकी नाही. शिक्षण कार्यालयाच्या खिडकीतल्या पोराने विचारलंही होतं, "सार्जंट, महिन्यांत काही फेरफार?" रॉईस म्हणाला, "सगळं जागच्या जागी आहे." बाहेर त्याच्या तुकडीने निरोपाचं मटण शेगडीवर चढवलं होतं आणि त्याला भूक लागली होती.

गॅरेटने एक सत्र केलं. चार महिने. पुढे तो कॉलेजात दिसेनासा झाला आणि वातानुकूलन यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या हाताखाली लागला. गेल्या नोव्हेंबरात त्याला सव्वीस पूर्ण झाली, आणि मुलांसाठी सव्वीस ही शेवटची रेघ. म्हणजे बत्तीस महिने आता त्याच्याही उपयोगाचे नव्हते. आणि डेलियाला स्टिलवॉटरच्या विद्यापीठातून पत्र आलं होतं. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. हे तिने आठव्या वर्षीच जाहीर केलं होतं आणि कुणी त्यावर वादही घातला नव्हता; शनिवारी ती गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात पिंजरे धुवायची आणि परसात स्वतःची बकरी पाळायची. एक मेपर्यंत जागा पक्की करायची होती. पैशांचं काय, असं तिला मैत्रिणींनी विचारलं की ती मान उडवून सांगायची, "डॅडींनी सैन्यात करून ठेवलंय."

करून ठेवलंय! रॉईसने हे वाक्य स्वतः तिला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो छावणीत गेला. ओपलबाई अजून त्याच खुर्चीत होत्या, केस पांढरेशुभ्र, चष्मा त्याच साखळीला. रॉईस उभ्याउभ्याच बोलायला लागला. बाईंनी त्याला बसवलं, पान उघडून बघितलं आणि चष्मा काढला.

"नाही होत, सार्जंट."

"अर्ज केला तर? मोठ्या साहेबांना पत्र लिहिलं तर?"

"लिहा की. मी कित्येकांना लिहून दिलीत. शून्याला काही करता येत नाही."

"तुम्ही मला सांगितलं होतं," रॉईस म्हणाला. बाईंना आपण आठवत असू अशी त्याला उगाच आशा होती. निदान शिव्या तरी द्याव्यात.

"सांगितलं असणार. मी सगळ्यांनाच सांगते," बाई म्हणाल्या. त्यांना तो आठवत नव्हता. "पोराचं वय गेलंय ना? मग ते बत्तीस महिने तुम्ही परत घ्या. तुमचे तुम्हाला वापरता येतात, त्याला वयाची अट नाही."

"मी? मी काय करू त्यांचं?"

"कॉलेजात जा. इथेच, गावातल्या. वर्गात बसलात की राहण्याचा भत्ता तुमच्या हातात येतो. तो मुलीला द्या. पुष्कळ जण करतात. गेल्या वर्षी एक जण कुंभारकाम शिकला."

रॉईस त्रेपन्न वर्षांचा होता. शाळेतून सुटावं म्हणूनच तर तो एकोणिसाव्या वर्षी सैन्यात गेला होता. त्याने टोपी डोक्यावर ठेवली, बाईंचे आभार मानले आणि गाडीत जाऊन बसला. पुष्कळ वेळ त्याने किल्लीच फिरवली नाही. रडावंसं वाटत होतं, पण छावणीच्या आवारात ते त्याला जमेना.

घरी येऊन त्याने आधी नोरीनला सांगितलं. नोरीन त्याची बायको, शाळेच्या खाणावळीत दुपारपर्यंत काम करायची आणि तीनला घरी यायची. ती भेंडी तळत होती. ऐकून तिने गॅस बंद केला.

"मी तुला तेव्हाच म्हटलं होतं ना रे, पोरीला एक टाक म्हणून?"

"म्हटलं होतंस."

"माझ्यापुढे काय टाकलं होतंस?"

रॉईसने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"शून्य. बघ, मी कधी तोंडातून काढलं का? हिशेब लिहायचा कोर्स करायचा होता मला. राहू दे. माझं जाऊ दे." तिने कढईतली भेंडी उगाच हलवली. "तिला तू सांगायचं. मी नाही. आणि आजच. ती शनिवारी दवाखान्यात सगळ्यांना प्रवेश मिळाल्याचा केक खाऊ घालणार आहे."

डेलिया परसात होती. तिने बकरीला लाकडी चौथऱ्यावर उभं केलं होतं आणि ती तिचे खूर कापत होती. बकरीचं नाव मफिन. रॉईस कुंपणाला टेकून उभा राहिला. वारा नेहमीसारखा सुटला होता, लाल माती उडत होती.

"डॅडी, तिचं डोकं धरा जरा. आज फार नखरे चाललेत बाईचे."

त्याने बकरीचं डोकं धरलं. दोन्ही हात अडकले ते बरंच झालं. तसंच धरून त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, ओपलबाई, रांगेतले हसणारे लोक, चार वर्षं, शेवटची खिडकी, मटण. काही लपवलं नाही. एवढं बरं की एकदा सांगायचं ठरवल्यावर तो कसर ठेवत नसे.

डेलियाने तिसरा खूर पुरा केला. मग चौथा.

"म्हणजे माझ्या नावावर काही नाहीच," ती म्हणाली. "कधीच नव्हतं."

"नव्हतं."

"आणि तुम्ही मला सांगत होतात, डेलिया, तुझं सगळं करून ठेवलंय."

"मला वाटत होतं पोरी, की ते फिरवता येतं. बाईंनी सांगितलेलं निम्मंच डोक्यात राहिलं. फिरवता येतं, एवढंच."

"एक महिना डॅडी. पस्तीस आणि एक. एवढं काय अवघड होतं?"

रॉईसने नऊ चोक छत्तीसचा हिशेब सांगायला सुरुवात केली. तिच्या तोंडाकडे बघून तो मध्येच थांबला. चौदा वर्षं तो हिशेब त्याला बिनतोड वाटत होता.

"गॅरेटचे शेवटचे दोन महिने बुडू नयेत म्हणून," डेलिया सावकाश म्हणाली. "नऊ वर्षांनंतर येणारे, ज्या कॉलेजात तो अजून गेलाच नव्हता. आणि मी तिथे घरात होते. मी चार वर्षांची होते, पण होते की."

"होतीस."

"हो, सर," ती म्हणाली.

त्या घरात मुलं बापाला 'सर' म्हणायची ती फक्त एका वेळी, बोलणी खाल्ल्यावर. एरवी डॅडी. या वेळी बोलणी कोणी कोणाला दिली नव्हती. तिने बकरीला खाली उतरवलं आणि ती गोठ्यात निघून गेली. रॉईस हातात बकरीचे केस घेऊन तिथेच उभा राहिला.

गॅरेटला त्याने फोन केला तो संध्याकाळी. महिने काढून घेतोय, एवढं कळवायला. आपण पोरासाठी काहीतरी केलं होतं, पोराने मातीत घातलं, असं थोडं सुनवायचंही त्याच्या मनात होतं. खोटं कशाला बोला.

"घ्या की, डॅडी," गॅरेट म्हणाला. मागे कुठलंसं यंत्र घरघरत होतं. "मला कधी नकोच होते."

"नकोच होते? छत्तीसच्या छत्तीस दिले तुला! इंजिनिअर होणार होतास तू!"

"ते तुम्ही चर्चमध्ये सांगायचात. मी शाळेच्या शेवटच्या वर्षी जेवताना म्हणालो होतो, मला एसीची कामं शिकायचीत. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मग गेलो गपगुमान कॉलेजात. चार महिने नुसता पार्किंगमध्ये बसून बर्गर खायचो." तो हसला. "डेलियाला द्या सगळे. ती लायक आहे त्याच्या."

"तिला देता येत नाहीत."

यंत्र बंद झालं. "का?" गॅरेटने विचारलं. रॉईसने सांगितलं.

"अहो, पण मी कुठे मागितले होते?" गॅरेट म्हणाला. त्याचा आवाज एकदम तेरा वर्षांच्या पोरासारखा झाला होता. "तिला आता वाटणार मी तिचे घेतले."

पुढचे दोन आठवडे घरात सगळे एकमेकांशी नीट वागत होते, आणि हेच वाईट होतं. नोरीनने कर्जाचे कागद आणले. जनावरांच्या डॉक्टरचं शिक्षण आठ वर्षांचं, ते सगळं कर्जावर म्हटल्यावर तिघांनीही ते कागद बाजूला सारले. शेवटी मार्ग डेलियानेच काढला. पहिली दोन वर्षं घरी राहून गावातल्या कॉलेजात. रॉईसनेही तिथेच नाव घालायचं, त्याचा भत्ता साठवायचा. दोन वर्षांनी तिने स्टिलवॉटरला जायचं, तिथे तेव्हा जागा मिळाली तर. 'तर' हा शब्द तिने जरा हलकेच उच्चारला. दवाखान्यातला केक रद्द झाला. विद्यापीठाला नकाराचं पत्र तिने स्वतः लिहिलं, चार ओळींचं, आणि दाखवायला आणलं नाही.

तरी घर हळूहळू सैल झालं. एका रविवारी चर्चहून आल्यावर, जेवताना, ती एकाएकी म्हणाली, "वर्गात माझ्या शेजारी बसायचं नाही हं. आणि हात वर करून गोष्टी सांगायच्या नाहीत, 'आमच्या तोफखान्यात' म्हणून."

"मी मागच्या बाकावर झोपेन," रॉईस म्हणाला.

"घोरायचंही नाही."

नोरीन हसली. रॉईसला तर इतकं हलकं वाटलं की त्याने तळलेल्या मांसावर पांढरा रस्सा दुसऱ्यांदा ओतून घेतला, डॉक्टरने बजावलं असताना. झालं गेलं, पोरीने मनातून काढलं, असं त्याने धरून चाललं. एवढ्या लवकर धरून चालायची त्याची ही खोड जुनीच.

जेवण झाल्यावर तो कॉम्प्युटरकडे गेला. गॅरेटचे महिने काढून घ्यायचं काम अजून राहिलं होतं. पासवर्ड तीनदा चुकला. चौथ्यांदा चुकला असता तर खातं बंद पडलं असतं, म्हणून डेलियाने हात पुसत पुसत येऊन त्याला खुर्चीवरून उठवलं.

"सरका. तुमच्या बोटांना बटणं दिसत नाहीत."

"मी करतो. तू राहू दे," रॉईस म्हणाला. त्याला एकाएकी ते पान आठवलं. "आपण उद्या करू."

"झालंसुद्धा," ती म्हणाली, आणि पान उघडलं.

तिला सगळं ठाऊक होतं. त्याने एक अक्षर लपवलं नव्हतं. पण कानांनी ऐकणं वेगळं. पडद्यावर तीन ओळी होत्या आणि तारीख होती, ती चार वर्षांची असतानाची. नोरीन, शून्य. गॅरेट, छत्तीस, शिल्लक बत्तीस. डेलिया मे टॅकेट, पूर्ण नाव, जन्मतारखेसह, बापाने स्वतःच्या हाताने अचूक भरलेलं, आणि पुढे शून्य. तिने पडद्यावर बोट ठेवलं, नावावर, मग त्या शून्यावर. रॉईसला काहीतरी बोलायचं होतं. माझं चुकलं, हे तो परसातच बोलायला विसरला होता. इतकी कारणं सांगितली होती, पण हे दोन शब्द कुठेच आले नव्हते, हे त्याला आत्ता तिच्या पाठीमागे उभं राहिल्यावर कळलं.

तिने गॅरेटच्या ओळीवर जाऊन 'परत घ्या' दाबलं. खात्री आहे का, असं पडद्याने विचारलं. तिने हो म्हटलं. शिल्लक महिन्यांच्या रकान्यात आता एकाखाली एक तीन शून्यं दिसत होती.

"चला," ती म्हणाली. "आता आम्ही सगळे सारखे, सर."

"डेलिया, माझं चुकलं गं."

"हो, सर."

ती उठली नाही. पाठ त्याच्याकडेच ठेवून ती कॉलेजच्या अर्जात त्याचं नाव, त्याची जन्मतारीख भरू लागली. एकही बटण न चुकता.

तेवढ्यात खिडक्या थरथरल्या. कपाटातल्या बश्या किणकिणल्या, आणि स्वयंपाकघरातून नोरीनने सवयीने कप धरल्याचा आवाज आला. एकशे पंचावन्नची, चाकांवरची नव्हे, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी. रॉईसला पहिल्या हादऱ्यालाच कळलं होतं. तो तिच्या मागे उभा राहून वाट बघत राहिला. दुसरा गोळा गेला, तिसराही गेला. डेलिया अर्ज भरत होती, आणि तिने विचारलं नाही.